शंभर यंत्रांचा विषय एका लॅपटॉपवर कसा शिकायचा?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं. चार वर्षं झाली, पुण्यात प्रॉडक्शन सपोर्टची नोकरी करतो. रात्री सर्व्हर पडला की उठवायचा, लॉग बघायचे, तिकीट पुढच्या टीमकडे सरकवायचं, हेच काम. तो मुळात का पडतो हे कळावं म्हणून नेटवर्किंग आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम या विषयांत मास्टर्स करायची इच्छा आहे. घराचा हप्ता चालू असल्यामुळे नोकरी सोडता येत नाही, तेव्हा ऑनलाइनच करावं लागेल. पण एक कुतूहल आहे. ज्या विषयाला शेकडो यंत्रं, राउटर, केबल लागतात तो घरबसल्या एका लॅपटॉपवर शिकवतात तरी कसा? आणि अशी पदवी कोणी खरी मानतं का?

उत्तर : तुमच्या प्रश्नातलं कुतूहल मोलाचं आहे, म्हणून आधी तेच घेतो. पैसे आणि मान्यता यांकडे नंतर वळू.

डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमची खरी अडचण शंभर यंत्रं जोडल्यावर सुरू होत नाही, ती दोन यंत्रांपासूनच सुरू होते. यूपीआयने पैसे देताना ती तुम्ही पाहिलीच असेल. चक्र फिरत राहतं आणि व्यवहार ‘प्रलंबित’ दिसतो. पैसे गेले की नाही? फोनला ते कळायला काही मार्ग नसतो. विनंती वाटेत हरवली असेल. किंवा ती पोचून बँकेत काम झालं असेल आणि परत येणारं उत्तर हरवलं असेल. किंवा पलीकडचा सर्व्हर नुसताच मंदावला असेल. तिन्ही वेळा फोनला दिसतं ते एवढंच, की उत्तर आलेलं नाही. पुन्हा पाठवावं तर दोनदा पैसे कापले जाण्याची भीती, आणि न पाठवावं तर दुकानदार समोर उभा. म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला तर काम पुन्हा न करता जुनंच उत्तर परत पाठवायचं, अशी रचना करतात. ही रचना स्वतः लिहून तपासायला दोन प्रोसेस पुरतात आणि दोन्ही तुमच्याच लॅपटॉपवर चालतात.

या विषयाचा पाया ज्यांनी घातला त्यांच्याकडेही यंत्रांचा ढीग नव्हता. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली एक शोधनिबंध लिहिला. दोन यंत्रांची घड्याळं जुळत नसतील तर कुठली घटना आधी घडली हे कसं ठरवायचं, असा त्यांचा प्रश्न होता. संदेश पाठवला गेला हे तो मिळण्याच्या आधीच घडलं असणार, एवढी एकच खात्री धरून त्यांनी घटनांचा क्रम लावून दाखवला. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी याहून कडवट गोष्ट सिद्ध केली. संदेश पोचायला किती वेळ लागेल याला काहीच मर्यादा नसेल आणि एक जरी यंत्र बंद पडू शकत असेल, तर सगळी यंत्रं हमखास एका निर्णयावर येतील असा ठरावीक पायऱ्यांचा अल्गोरिदम असूच शकत नाही. रात्री तीनला तुम्ही सर्व्हर ‘मेला’ म्हणून रीस्टार्ट करता आणि नंतर कळतं की तो जिवंतच होता, फक्त हळू होता. तेव्हा तुमच्यासमोर हाच सिद्धांत उभा असतो. मेलेला आणि मंदावलेला यांत बाहेरून फरक करता येत नाही. या निकालाची सिद्धता वाचायला कागद, पेन्सिल आणि निवांत रविवार लागतो, बाकी काही नाही.

मग प्रत्यक्षात काम कसं चालतं? टाइमआउट लावून, बहुमत घेऊन, आणि एकमत व्हायला कधीकधी उशीर होईल हे मान्य करून. लॅम्पोर्ट यांचा पॅक्सॉस हा अल्गोरिदम यासाठीच आहे. त्यावरचा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि समजायला अवघड म्हणून विद्यार्थ्यांमध्ये गाजला. तो त्रास कमी व्हावा म्हणून स्टॅनफर्डमधल्या डिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहाउट यांनी राफ्ट हा अल्गोरिदम बनवला आणि २०१४ साली मांडला. तो समजायला सोपा आहे हा दावा त्यांनी विद्यार्थ्यांवर तपासूनही पाहिला. कसा, तर राफ्टवर एक आणि पॅक्सॉसवर एक अशी दोन व्हिडिओ व्याख्यानं रेकॉर्ड करून. स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी ती पाहिली आणि प्रत्येकानंतर चाचणी दिली. ४३ जणांपैकी ३३ जणांना राफ्टच्या चाचणीत जास्त गुण मिळाले. आज क्लाउडच्या पोटात सगळीकडे दिसणारा हा अल्गोरिदम जन्मल्याबरोबर व्हिडिओवरून शिकवून पारखला गेला होता. ऑनलाइन शिक्षणाबद्दल शंका घेणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

नुसता व्हिडिओ पाहून मात्र राफ्ट येत नाही, तो लिहावा लागतो. एमआयटीच्या डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमच्या अभ्यासक्रमात तो गो भाषेत लिहून घेतात. शिकवणाऱ्यांत रॉबर्ट मॉरिस आहेत. १९८८ साली कॉर्नेलमध्ये शिकत असताना इंटरनेटवर पसरलेला तो प्रसिद्ध वर्म लिहिणारे हेच. त्यांची २०२० सालची व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत आणि असाइनमेंटही खुल्या आहेत. त्यात तुमच्या लॅपटॉपवर काही सर्व्हर चालतात, पण त्यांच्यामधलं नेटवर्क खोटं असतं, आणि शिकण्याची सगळी मजा त्या खोट्या नेटवर्कमध्ये आहे. ते मुद्दाम संदेश हरवतं, उशिरा देतं, क्रम उलटा करतं, पाच सर्व्हरांचे दोन आणि तीन असे तुकडे पाडतं. तुमचा कोड ९९ वेळा पास होतो आणि शंभराव्या वेळी, लीडर एकच असायला हवा तिथे, दोन सर्व्हर एकदमच स्वतःला लीडर समजू लागतात. मग लॉग काढून ओळीमागून ओळ वाचत बसायचं. खऱ्या डेटा सेंटरमध्ये असा बिघाड महिन्यातून एखाद्या वेळी येतो आणि पुन्हा घडवता येत नाही. लॅपटॉपवर तो हवा तेव्हा घडवता येतो. म्हणून माझं मत असं, की सुरुवातीच्या विद्यार्थ्याला हजार यंत्रांच्या खोलीपेक्षा असं खोटं नेटवर्क जास्त शिकवतं.

नेटवर्किंगचंही तसंच. ऑक्टोबर १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला डेटाचा वेग ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० बिटांवर कोसळला. मधलं अंतर होतं जेमतेम चारशे यार्ड. तार तुटली नव्हती की राउटर जळला नव्हता. गर्दीत पॅकेट हरवलं की प्रत्येक यंत्र ते पुन्हा पाठवत होतं, त्याने गर्दी वाढत होती आणि आणखी पॅकेट हरवत होती. व्हॅन जेकबसन यांनी याचा छडा लावला आणि १९८८ साली टीसीपीसाठी उपाय मांडला : हळू सुरुवात कर, पॅकेट हरवलं तर हात आखडता घे. तुमचा फोन आजही याच विचाराच्या वंशातले नियम पाळतो. तुमच्या रात्रपाळीतही हे घडत असणार. एखादी सर्व्हिस मंदावते, तिला हाका मारणाऱ्या सगळ्या सर्व्हिस एकदम रिट्राय करतात, आणि सावरू पाहणारी ती कायमची झोपते. स्टॅनफर्डच्या नेटवर्किंगच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी सी प्लस प्लसमध्ये स्वतःचा टीसीपी लिहितात आणि तो खऱ्या इंटरनेटवर खऱ्या सर्व्हरशी बोलतो. तेही लॅपटॉपवरूनच.

राउटर आणि स्विच? त्यासाठी मिनीनेट आहे. बॉब लँट्झ, ब्रँडन हेलर आणि निक मॅकेऑन यांनी २०१० साली ते मांडलं. लिनक्सच्याच सोयी वापरून ते एका लॅपटॉपच्या आत स्विच, तारा आणि यंत्रं उभी करतं. तारेचा वेग किती, उशीर किती, पॅकेट किती टक्के हरवावीत, हे तुम्ही ठरवायचं. याचा उपयोग एका जुन्या घटनेवरून कळेल. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांचा एक भाग आपलाच असल्याचं बीजीपीवर, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात त्या व्यवस्थेत, जाहीर केलं. हाँगकाँगच्या एका मोठ्या कंपनीने ती घोषणा न तपासता पुढे जगभर पाठवली. बीजीपीत जास्त नेमका पत्ता जिंकतो, त्यामुळे यूट्यूब सुमारे दोन तास बहुतेक जगाला दिसेनासं झालं. अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या नेटवर्किंगच्या अभ्यासक्रमात अशी वाटमारी मिनीनेटवर घडवून बघायचा प्रोजेक्ट असतो. खऱ्या इंटरनेटवर असा प्रयोग कुठलंही विद्यापीठ करू देणार नाही आणि देऊही नये.

लॅपटॉप कुठे अपुरा पडतो हेही सांगायला हवं. सर्वांत मोठी गोष्ट घड्याळाची. एका लॅपटॉपवरच्या पाचही प्रोसेस एकच घड्याळ वाचतात, त्यामुळे घड्याळं न जुळण्याचे बिघाड तिथे आपोआप दिसतच नाहीत. गूगलने २०१२ साली स्पॅनर या डेटाबेसचा निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी डेटा सेंटरांत जीपीएसचे अँटेना आणि अणुघड्याळं बसवली होती, आणि तरीही ती यंत्रणा ‘आत्ता अमुक वाजले’ असं म्हणत नाही. या क्षणापासून त्या क्षणापर्यंत कधीतरी, असा कालखंड ती देते. घड्याळांच्या या अनिश्चिततेचं महत्त्व पुस्तकात वाचून पुरतं उमजत नाही. दुसरी गोष्ट अंतराची. मुंबई ते अटलांटा सरळ रेषेत सुमारे १३,७०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल नाकासमोर सरळ टाकली तरी जाऊन येऊन १३७ मिलिसेकंद लागणारच, आणि केबल काही सरळ जात नाहीत. यावर उपाय स्वस्त आहे. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची मुंबईत आणि हैदराबादेत डेटा सेंटरं आहेत, अमेरिकेतही आहेत. तीन ठिकाणची तीन छोटी यंत्रं तासाच्या भाड्याने घ्या, तुमचा राफ्ट त्यांवर चढवा आणि एक नोंद पक्की व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. काम झालं की यंत्रं आठवणीने बंद करा.

प्रश्न : मग पदवीची गरजच काय? सगळं फुकट आहे की!

उत्तर : व्याख्यानं फुकट आहेत हे खरं. जॉर्जिया टेकनेही आपल्या ऑनलाइन मास्टर्सची बरीचशी व्याख्यानं खुली ठेवली आहेत. आपल्याकडे २००३पासून एनपीटीईएल आहे. तिथे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कॉम्प्युटर नेटवर्क आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम या दोन्हींवरचे अभ्यासक्रम मिळतात आणि थोडं शुल्क भरून केंद्रावर परीक्षाही देता येते. पदवीत पैसे मोजायचे ते बाकीच्या गोष्टींसाठी : ठरलेल्या तारखा, न बघितलेल्या चाचण्यांवर तपासला जाणारा कोड, अडल्यावर उत्तर देणारा शिक्षण सहायक, आणि त्याच आठवड्यात त्याच बगवर डोकं आपटणारे शेकडो सहाध्यायी. नोकरी करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ठरलेल्या तारखांचं वजन मी सर्वांत जास्त धरतो. त्या नसल्या की तिसऱ्या असाइनमेंटनंतर दिवाळी येते, मग रिलीज येतं, आणि चौथी असाइनमेंट राहून जाते.

मला नीट माहीत असलेलं उदाहरण जॉर्जिया टेकचंच आहे, म्हणून तेच तपशिलाने सांगतो. अटलांटातल्या या विद्यापीठाने २०१३ साली उडॅसिटी आणि एटी अँड टी यांच्या साथीने कॉम्प्युटर सायन्सचं पूर्ण ऑनलाइन मास्टर्स जाहीर केलं. जानेवारी २०१४मध्ये पहिली तुकडी बसली. पूर्ण पदवीचा खर्च सुमारे ७ हजार डॉलर, म्हणजे आजच्या भावाने सहा लाखांच्या आसपास, आणि तो एकदम भरायचा नसतो, प्रत्येक विषयाला त्या त्या सत्रात भरायचा. दहा विषय करायचे. पदवीवर ‘ऑनलाइन’ असा शब्द नसतो. तुमच्यासाठी त्यात कॉम्प्युटिंग सिस्टिम्स ही शाखा आहे. एडा गाव्रिलोव्स्का यांचा ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रारंभिक अभ्यासक्रम, उमाकिशोर रामचंद्रन यांचा पुढचा, मग कॉम्प्युटर नेटवर्क्स, आणि शेवटी डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग, हा क्रम मी सुचवेन. शेवटच्या विषयात वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेल्या लॅब करायच्या असतात. त्यांचा तपासनीस नुसत्या चाचण्या चालवत नाही, तर संदेशांचे वेगवेगळे क्रम पद्धतशीर शोधत जातो आणि तुमचा पॅक्सॉस कुठल्या क्रमात मोडतो ते दाखवतो. पहिल्याच सत्रात हा विषय घेऊ नका.

प्रवेश तुलनेने सहज मिळतो, टिकणं अवघड. पहिल्या वर्षात पायाभूत विषयांपैकी दोन विषयांत किमान बी श्रेणी लागते, नाहीतर पुढे जाता येत नाही. सिस्टिम्सच्या विषयांना आठवड्याला पंधरा तास धरा, प्रोजेक्टच्या आठवड्यात वीस. तुमच्या रात्रपाळीत एका सत्रात एकच विषय झेपेल. वर्षात तीन सत्रं असतात, तेव्हा सव्वातीन वर्षांच्या आत हे होणार नाही. घरच्यांना हा आकडा आधीच सांगा. शनिवार-रविवार त्यांच्याही हिशेबातून जाणार आहेत.

इतर पर्यायांत इलिनॉय विद्यापीठाचं ऑनलाइन मास्टर्स महाग आहे. पण तिथल्या इंद्रनील गुप्ता यांचा क्लाउडमागच्या अल्गोरिदमांवरचा अभ्यासक्रम कोर्सेरावर वेगळा घेता येतो. तो मी कुणालाही सुचवेन. कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या कोर्सेरावरच्या मास्टर्सला जुन्या गुणपत्रिका लागत नाहीत. ठरलेले पहिले विषय चांगल्या गुणांनी पास झालात की प्रवेश पक्का. भारतात बिट्स पिलानीचा नोकरदारांसाठीचा कार्यक्रम १९७९पासून चालू आहे, आणि आयआयटी कानपूरच्या ई-मास्टर्सला गेट लागत नाही. कुठलंही निवडा, पण माहितीपत्रकातले चकचकीत शब्द बाजूला ठेवून एकच विचारा : विद्यार्थी स्वतः काय लिहितात? उत्तरात राफ्ट, पॅक्सॉस, टीसीपी, राउटिंग यांतलं काही नसेल आणि फक्त बहुपर्यायी प्रश्न आणि क्लाउडच्या स्क्रीनवरची बटणं असतील, तर तुम्हाला जे कळून घ्यायचं आहे ते तिथे मिळणार नाही.

प्रश्न : आणि मान्यता?

उत्तर : कुणाची मान्यता हवी त्यावर उत्तर ठरतं. पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्या मुलाखतीत तुम्हाला काय येतं ते बघतात. चांगल्या विद्यापीठाचं नाव दार उघडायला मदत करतं, पण पदवी ऑनलाइन का, हा प्रश्न आता क्वचितच येतो. भारतीय संस्थांबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलं की आयोगाची परवानगी असलेल्या ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या धराव्यात. परवानगी असलेल्या संस्थांची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. पैसे भरण्याआधी ती स्वतः उघडून बघा, एजंटाच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. सामान्य विद्यापीठांना अभियांत्रिकीची पदवी ऑनलाइन देता येत नाही, म्हणून तिथे तुम्हाला बहुधा एमसीए दिसेल. परदेशी पदवीवर पुढे भारतात प्राध्यापकी, सरकारी नोकरी किंवा पीएच.डी. करायचा विचार असेल तर समकक्षतेचं प्रमाणपत्र लागतं. घरबसल्या घेतलेल्या परदेशी पदवीला ते मिळेलच असं गृहीत धरू नका, आधी लेखी विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट, कारण अनेकांच्या मनात ती असते पण पत्रात लिहिली जात नाही. अमेरिकी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी तुम्हाला अमेरिकेत नेत नाही. तिच्यावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, आणि शिक्षणानंतर तिथे काही काळ काम करायची विद्यार्थी व्हिसावाल्यांना मिळणारी सवलतही मिळत नाही. जायचंच असेल तर कॅम्पसवरचं शिक्षण हा वेगळा रस्ता आहे आणि त्याचा खर्च कित्येक पट आहे.

प्रश्न : मी तयार आहे की नाही हे कसं ओळखू?

उत्तर : एमआयटीची पहिली लॅब घ्या. त्यात मॅपरिड्यूस लिहायचं असतं. गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ साली मांडलेली ही कल्पना. गो येत नसेल तर आधी दोन आठवडे त्या भाषेला द्या. लॅब संपली आणि काम करणारी एक प्रोसेस मध्येच मारली तरी उत्तर बरोबर आलं, तर तुमची तयारी पुरेशी आहे. दुसऱ्या कुणाचा कोड बघू नका. तो इंटरनेटवर जागोजागी पडलेला आहे, आणि बघायची सवय आत्ताच लागली तर पदवीत नियमभंगाच्या चौकशीला सामोरं जावं लागेल. विद्यापीठं कोड ताडून बघतात.

जॉर्जिया टेकला जायचं ठरलं तर जीआरई लागत नाही, पण इंग्रजीची परीक्षा लागते आणि शिफारस करणाऱ्या तीन जणांची नावं द्यावी लागतात. सपोर्टच्या कामात तुमचं नाव ठाऊक असलेली वरची माणसं कमी असतात. तेव्हा तुमचा मॅनेजर, तुम्ही ज्यांच्याकडे तिकिटं पाठवता त्या टीमचा लीड आणि कॉलेजातले एखादे सर यांना आत्ताच फोन करून विचारून ठेवा. सरांना तुमची बॅच आणि प्रोजेक्टचा विषय सांगा, म्हणजे त्यांना काहीतरी नेमकं लिहिता येईल.